पाठीमागून विचारलेले प्रश्न

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे, पण तुमच्या घरात असतो तसला नाही. मी एका बाजूने आरसा आहे आणि दुसऱ्या बाजूने खिडकी. उजेडाच्या खोलीतून माझ्याकडे पाहणाऱ्याला स्वतःचे तोंड दिसते. काळोखाच्या खोलीत बसलेल्याला तो तोंड पाहणारा दिसतो. जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगताना डोळे पुसतात, असे मी ऐकले आहे. मला डोळे पुसायचे नाहीत. मला राग आला आहे आणि तो बरीच वर्षे आतल्या आत धुमसतो आहे. तुम्ही लहान आहात म्हणूनच तुम्हाला सांगतो. पुढे तुमच्यातलेच कोणीतरी माणसे मोजायला बसतील.

काचेच्या कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या भावंडांच्या पाठीवर जाड मुलामा चढला आणि ती न्हाव्यांच्या दुकानांत, कपाटांच्या दारांवर, घराघरांत गेली. माझ्या पाठीवर मात्र इतका पातळ थर दिला की थोडा उजेड आरपार जावा. मला कागदात गुंडाळणारा कामगार शेजारच्याला म्हणाला, "अरे, याच्या वेळी माल संपला होता काय? आरपार दिसतंय की."

"मुद्दाम केलंय. चोरून बघायचा आरसा आहे तो."

"चोरून? मग पोलिसांचा की चोरांचा?"

"शिकलेल्यांचा," शेजारचा म्हणाला, आणि दोघे पोट धरून हसले. मला ते हसणे तेव्हा कळले नव्हते.

एका महाविद्यालयाच्या मानसशास्त्र विभागात मला दोन खोल्यांमधल्या भिंतीत बसवले. एका खोलीत टेबल, खुर्च्या, खेळणी आणि भरपूर दिवे. दुसऱ्या खोलीत दोन स्टुले, एक फळी आणि काळे पडदे. उजेडाच्या खोलीत जे बोलले जाई ते काळोखाच्या खोलीत एका लहान डब्यातून ऐकू येई. माझे दोन्हीकडे तोंड, म्हणून मला दोन्हीकडचे ऐकू येई. ज्या माणसावर प्रयोग करायचा त्याला इथे 'प्रयुक्त' म्हणत. वापरून झालेल्या भांड्याला म्हणावे तसा तो शब्द मला वाटे. पण मी नवा होतो. नव्या नोकराला घरातले सगळेच बरोबर वाटते.

काम असे चाले. काळोखात दोन निरीक्षक बसत. त्यांच्या कानात यंत्रातून बारीक टुक् असा आवाज येई. टुक् झाले की वर पाहायचे आणि प्रयुक्त काय करतो आहे त्याची खूण करायची. हसला, बोलला, जागा सोडली, दुसरीकडे पाहिले, अशी घरे आखलेली असत. त्याच्या मनात काय असेल ते लिहायचे नाही, अंगाने काय केले तेवढेच लिहायचे. शेवटी दोघांच्या खुणा शेजारी ठेवून ताडून पाहायच्या. त्या जुळल्या की विभागाचे प्रमुख खूश होत. त्यांना सगळे मोठे सर म्हणत. "दोन डोळ्यांवर मी विश्वास ठेवत नाही," ते म्हणत, "चार डोळे सारखं बोलले की मग ते खरं."

सुरुवातीची वर्षे मी तोऱ्यात होतो, हे कबूल करतो. माणूस स्वतःबद्दल काय सांगतो आणि प्रत्यक्षात काय करतो, यात किती अंतर असते ते माझ्यामुळे कळे. एकदा एक गृहस्थ आले. आधी त्यांनी माझ्यात पाहून भुवया सारख्या केल्या, दात तपासले. मग प्रश्नावलीत 'मला राग क्वचितच येतो' या वाक्यापुढे ऐटीत खूण केली. त्यानंतर त्यांना कधीच न सुटणारे एक कोडे सोडवायला दिले. थोड्याच वेळात कोड्याचा लाकडी तुकडा सणसणत माझ्या अंगावर आला. काळोखातले निरीक्षक तोंडात रुमाल कोंबून हसले.

चांगली कामेही झाली. आई खोलीबाहेर गेली की तान्ही मुले कशी रडतात आणि ती परत आल्यावर कशी शांत होतात, हे माझ्यातून महिनोन्‌महिने पाहिले गेले. त्या पाहण्यामुळे एका पाळणाघराने नव्या मुलांच्या आयांना सुरुवातीला आत बसू द्यायचे ठरवले. तेव्हा बाहेरून पाहुणे येत, माझ्यासमोर उभे राहत आणि सर माझ्या चौकटीवर थाप मारून म्हणत, "हा आमचा सगळ्यात प्रामाणिक माणूस. बघतो सगळं, बोलत काही नाही."

बोलत काही नाही, याचे मला तेव्हा भूषण वाटले होते. आज त्याच वाक्याची सगळ्यात जास्त चीड येते.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ज्या मुलांचे शाळेत जमत नसे त्यांना आमच्याकडे तपासायला पाठवत. टेबलावर चित्रांचे पत्ते मांडायचे, "बादली दाखव", "शिडी दाखव" असे म्हणायचे, आणि मूल कुठल्या चित्रावर बोट ठेवते ते पाहायचे. चाचणी घेणाऱ्या बाईंना मुले ताई म्हणत, म्हणून सगळेच त्यांना ताई म्हणू लागले होते. फार पूर्वी सरांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. चाचणी घेणारा समोर बसला की त्याची नजर नकळत बरोबर चित्राकडे जाते, भुवई हलते, आणि हुशार मूल तेवढ्यावरून उत्तर ओळखते. ही गोष्ट खरीच होती, मीही ती पाहिली होती. म्हणून सरांनी नियम केला, की प्रश्न मुलाच्या खुर्चीमागे उभे राहून विचारायचे. या नियमावर त्यांनी निबंध लिहिला, त्याबद्दल त्यांचा सत्कार झाला. 'पाठीमागची पद्धत' असे तिला नाव पडले. तेव्हापासून आमच्या खोलीत कोणत्याही मुलाला समोरून प्रश्न विचारला गेला नाही.

आणि मग भिंगरी आली.

तिचे खरे नाव वेगळे होते. घरात ती एका जागी बसत नसे म्हणून मामाने ते नाव ठेवले होते. वय शाळेत बसायचे. आई इस्त्रीच्या दुकानात काम करायची, तिच्या मनगटांवर चटक्यांचे डाग होते. बाप कामासाठी लांब राहायचा. म्हणून सोबत मामा आला होता. हा मामा टेम्पो चालवायचा. आत आल्या आल्या तो माझ्यासमोर उभा राहिला, खिशातून कंगवा काढला आणि भांग पाडू लागला. काळोखातले निरीक्षक त्याच्या नाकासमोर बसले होते, हे त्याला काय ठाऊक!

"दादा, पुरे झालं," आई म्हणाली. "तुझी नाही, पोरीची परीक्षा आहे."

"अगं, मामा नीटनेटका दिसला तर भाचीला दोन गुण जास्त देतील."

आई हसली नाही. ती ताईंना म्हणाली, "बाई, शाळेतल्या बाई म्हणतात, हिच्यासमोर बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं. घरी तर ही सगळं करते. भाजी निवडते, माझ्या मागे मागे फिरून कपड्यांच्या घड्या घालते. आता शाळा म्हणते, तुमच्याकडचा कागद आणा. कागदावर मंद लिहून आलं तर हिला त्या लांबच्या वसतिगृहात ठेवणार. भेटायला सुट्टीतच जायचं म्हणे. बाई, ही अजून माझा पदर तोंडात धरून झोपते हो. तिथे कोण झोपवेल हिला?"

ताईंचा स्वभाव मायाळू होता, पण त्या नियमाच्या पक्क्या होत्या. "आपण सगळं नीट बघू," त्या म्हणाल्या आणि आई-मामाला बाहेर बसवले.

पहिल्यांदा कान तपासले. ताईंनी भिंगरीच्या पाठीमागून टेबलाच्या कडेवर लाकडी ठोकळा आपटला. भिंगरीने लगेच वळून पाहिले. कान ठीक, अशी खूण झाली. मित्रांनो, भिंगरीचे दोन्ही तळवे त्या वेळी टेबलावर टेकलेले होते. ठोकळ्याचा हादरा तिच्या हातांना कळला होता. मला ते दिसले, पण ते लिहायला कोणत्याही कागदावर घर नव्हते.

मग चित्रे मांडली. ताई खुर्चीमागे उभ्या राहिल्या. "बादली दाखव," त्या म्हणू लागल्या. भिंगरीने मान वर केली आणि सरळ माझ्याकडे पाहिले. नंतर बादलीवर बोट ठेवले. "शिडी दाखव." पुन्हा मान वर, माझ्याकडे नजर आणि शिडीवर बोट. पुढचा शब्द वाचायला ताईंनी मान खाली घातली आणि तशीच ठेवून तो उच्चारला. भिंगरी माझ्याकडे पाहत राहिली, पाहत राहिली, आणि गोंधळून भलत्याच चित्रावर बोट ठेवून मोकळी झाली.

तुम्हाला कळले ना? ती माझ्याकडे पाहत नव्हती. माझ्यात तिला पाठीमागे उभ्या असलेल्या ताईंचे ओठ दिसत होते. त्या पोरीला बोलणे धड ऐकू येत नव्हते, ती ते ओठांवरून उचलत होती. घरात आई समोर येऊन बोले, म्हणून घरी सगळे जमे. शाळेतल्या बाई फळ्याकडे तोंड करून बोलत, म्हणून तिथे ती भिंत ठरली.

काळोखात टुक् झाले. दोन्ही निरीक्षकांनी खूण केली, 'दुसरीकडे पाहिले'. पुन्हा टुक्, पुन्हा तीच खूण. निरीक्षकांतला एक उंच तरुण होता, त्याला सगळे लांबट म्हणत. दुसरी जाड भिंगाचा चष्मा लावणारी मुलगी होती, ती चष्मेवाली. दोघेही तिथे शिकत होते आणि कामात चोख होते. त्यांच्या खुणा ताडून पाहिल्या तेव्हा त्या तंतोतंत जुळल्या. सर आनंदले. "बघा, किती स्वच्छ काम आहे! उत्तरं निम्मीशिम्मी बरोबर, आणि लक्ष सगळं आरशात. स्वतःचं तोंड बघत बसलीय पोरगी. खुर्ची फिरवा. आरसा तिच्या समोर नको."

चार डोळे एकाच भोकातून पाहत असले तर चारही एकच चूक करतात, आणि वर एकमेकांची पाठ थोपटतात. हे मला ओरडून सांगावेसे वाटले. काच ओरडत नाही. काच नुसती थंड राहते.

पुढच्या खेपेला खुर्ची बाजूच्या भिंतीकडे तोंड करून ठेवली. भिंतीवर काही नव्हते, नुसता पिवळा रंग. ताई पाठीमागे उभ्या राहिल्या. "बादली दाखव." भिंगरीने समोर पाहिले, तिथे आरसा नव्हता. तिने मान मागे वळवली. ताईंनी दोन्ही तळव्यांत तिचे गाल धरले आणि तोंड हळूच पुन्हा भिंतीकडे केले. "शिडी दाखव." ती पुन्हा वळली. पुन्हा तेच दोन तळवे. मग पोर खुर्चीवरून उतरली, ताईंना वळसा घालून त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि हनुवटी वर करून त्यांच्या तोंडाकडे पाहू लागली. मी तुमच्यासाठी हा वळसा घेतला आहे, आता तरी सांगा, असे तिचे सगळे अंग म्हणत होते. ताईंनी तिला उचलून पुन्हा खुर्चीवर बसवले. काळोखात दोघांनीही खूण केली, 'जागा सोडली'.

त्यानंतर तिने वळणे सोडून दिले. प्रश्न आला की काय, नाही आला की काय, तिने एकाच चित्रावर बोट ठेवले आणि तिथेच धरून ठेवले. डोळ्यांत पाणी नव्हते. एवढ्याशा पोरीने इतक्या शांतपणे हार मानलेली मी कधी पाहिली नव्हती. मित्रांनो, आयुष्यात मी पुष्कळ रडणे पाहिले आहे. त्या न रडण्याचा मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

"झालं," सर म्हणाले. "एकही उत्तर बरोबर नाही आणि तुमच्या दोघांची एकही खूण वेगळी नाही. यापेक्षा स्पष्ट काय असतं? उद्या अहवाल देऊन टाकू. वसतिगृहाची शिफारस."

लांबट सामान आवरू लागला. चष्मेवाली स्टुलावरून उठली नाही.

"सर, परवा निम्मी उत्तरं बरोबर होती. आज एकही नाही. असं कसं झालं?"

"थकली असेल. मुलं थकतात."

"पण आपण बदललं काय? फक्त खुर्ची. ताई त्याच, चित्रं तीच, वेळ तीच. आरसा समोरून गेला आणि उत्तरं गेली. आरसा तिचं लक्ष उडवत होता म्हणावं, तर तो गेल्यावर उत्तरं वाढायला हवी होती ना?"

"तुझी मतं नकोत मला. मोजमाप दे."

"मोजमापच देतेय, सर! तुमच्याच पद्धतीचं आहे. ती आरशात ताईंना बघत असेल. तिला ऐकूच येत नसेल."

"कान तपासलेत. ठीक आहेत म्हणून खूण आहे. तूच केलीस."

तिने कागदावरची ती खूण पुन्हा पाहिली. मग म्हणाली, "एकदा ताईंना समोर बसून विचारू द्या. एकदाच."

"आणि आजपर्यंत तपासलेल्या सगळ्या मुलांचं काय करू? त्यांना पाठीमागून विचारलं, हिला समोरून विचारायचं, तर तुलना कशाची कशाशी करणार? नियम एकासाठी मोडला की तो नियम राहत नाही. चला, उशीर झालाय."

लांबटने दाराशी तिला हळूच टोमणा मारला, "काय गं, डॉक्टरकी कधीपासून सुरू केलीस?"

"जेव्हापासून तुझं डोकं बंद पडलं तेव्हापासून," ती म्हणाली आणि तरातरा ताईंकडे गेली.

मग या दोघी जणी उजेडाच्या खोलीत माझ्यासमोरच उभ्या राहून बोलल्या. ताई आधी काही ऐकून घेईनात. नंतर त्यांनी आपले दोन्ही तळवे समोर धरले आणि त्यांच्याकडे पाहत राहिल्या. "मी तिचं तोंड फिरवलं," त्या म्हणाल्या. "दोनदा. तिची मान कशी ताठ झाली होती ते या हातांना कळलं होतं. नियमात बसत नव्हतं म्हणून मी ते सोडून दिलं. उद्या अहवाल घ्यायला येतील ना ते? पोरीला आत आण."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई, मामा आणि भिंगरी आले. ताईंनी तिघांनाही उजेडाच्या खोलीत घेतले. आईला आणि मामाला दाराजवळ बसवले, भिंगरीला टेबलाशी. आणि मग ताईंनी आपली खुर्ची ओढली आणि भिंगरीच्या अगदी समोर येऊन बसल्या. इतक्या वर्षांत त्या खुर्चीचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"हात मांडीवर ठेव, बाळ," ताईंनी खुणेने सांगितले. नंतर त्यांनी भुवईसुद्धा हलू दिली नाही, नजर भिंगरीच्या डोळ्यांवरून ढळू दिली नाही. "बादली दाखव."

बोट बादलीवर. "शिडी." बोट शिडीवर. "कुलूप." "घुबड." "सांडशी." बोट टणाटणा उड्या मारू लागले. भिंगरी खुर्चीतल्या खुर्चीत नाचत होती. खरोखरची भिंगरी.

काळोखात चष्मेवाली आणि लांबट खुणा करत होते. एवढ्यात दार उघडून मोठे सर आत आले. त्यांच्या हातात सही केलेला अहवाल होता. त्यांनी माझ्यातून पलीकडे पाहिले आणि ते भडकले.

"हे काय चाललंय? ताई समोर कशा बसल्या? सगळं नासवलंत!"

"मी सांगितलं त्यांना, सर," चष्मेवाली म्हणाली.

सर ऐकायच्या पलीकडे गेले होते. जे आजवर कोणी केले नव्हते, कोणी करायचे नाही असा त्यांचाच दंडक होता, ते त्यांनी केले. बोटातल्या अंगठीने त्यांनी माझ्यावर जोरात ठोठावले. ठण्! ठण्! ठण्!

ताई दचकल्या. आई ताडकन उभी राहिली. "आयला, भिंतीत कोण आहे?" मामा ओरडला आणि कंगवा हातातून पडला.

भिंगरी हलली नाही. तिचे हात मांडीवर होते. तिची नजर ताईंच्या ओठांवर होती. पुढचा शब्द कधी येतो याची ती वाट पाहत होती.

काळोखात चष्मेवालीने विचारले, "लांबट, खूण केलीस?"

"कसली करू?" लांबट कागद उलटसुलट करत म्हणाला. "आवाज झाला आणि मुलानं वळून पाहिलं नाही, असं घरच नाहीये कागदावर."

"मग तेच लिही. घर नाहीये म्हणून लिही."

सर तसेच उभे होते. त्यांनी पुन्हा एकदा माझ्यावर ठोठावले. या वेळी रागाने नव्हे. ठोठावले, थांबले, पाहिले. पुन्हा ठोठावले, पाहिले. मामा दर वेळी दचकत होता, भिंगरी एकदाही नाही. सरांचे सगळे आयुष्य मोजण्यात गेले होते. नाकासमोर झालेले मोजमाप त्यांना नाकारता येईना. पण त्या शेवटच्या ठोठावण्याने माझा खालचा कोपरा तडकला. मला त्याचे दुःख नाही. मला वाटले, चला, एकदाचा माझ्या तोंडून काहीतरी आवाज निघाला.

मामाने आवाजाचा माग काढत शेजारचे दार ढकलले. आई त्याच्या पाठोपाठ आली. दारातून उजेड आत घुसला, आणि उजेड दोन्हीकडे झाला की मी आरसा राहत नाही, साधी काच होतो. उजेडाच्या खोलीतून भिंगरीला आणि ताईंना सगळेच दिसू लागले. दोन स्टुले, काळे पडदे, कागद धरलेले सर.

आईने स्टुलांकडे पाहिले, माझ्यातून पलीकडे बसलेल्या आपल्या लेकीकडे पाहिले. तिला कोणी सांगितले नव्हते, की इथे बसून तिच्या पोरीला पाहत होते.

"तुम्ही इथून बघत होता?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण मामासुद्धा एक पाऊल मागे सरला. "दोन्ही दिवस? एवढी माणसं बसून बघत होतात आणि तुम्हाला एवढंही दिसलं नाही?"

चष्मेवालीने तिला सगळे सांगितले. पाठीमागचे उभे राहणे, आरशातले ओठ, फिरवलेली खुर्ची, टेबलावरचा ठोकळा. आई ऐकत गेली. फिरवलेल्या मानेचे ऐकताना तिने डोळे मिटून घेतले.

"हा अहवाल मी मागे घेतो," सर म्हणाले. "कानाच्या डॉक्टरांकडे पाठवतो. मी तुमची माफी..."

"माझी कशाला? मंद मला म्हणाला नाहीत. तिला सांगा. समोर बसून सांगा."

सर उजेडाच्या खोलीत गेले. एवढा मोठा माणूस, त्या लहान खुर्चीत मावेना, म्हणून भिंगरीसमोर गुडघ्यांवर बसला. जमिनीकडे पाहत ते काहीतरी पुटपुटले.

"तोंड वर करा, साहेब," मामा म्हणाला. "जमिनीला नाही हो मंद म्हणालात तुम्ही."

सरांनी तोंड वर केले. "चुकलं माझं," ते म्हणाले. "तू हुशार आहेस."

भिंगरीने त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिले, कपाळाला आठ्या घातल्या. मग पुढे झाली, दोन्ही हातांच्या बोटांनी त्यांच्या झुपकेदार मिशा वर उचलून धरल्या आणि तिच्या त्या जाडसर, अर्धवट बोलीत म्हणाली, "पलत."

परत सांगा, असे ती म्हणत होती. आणि सरांनी परत सांगितले, मिशा तिच्या हातात असताना.

भिंगरीला कानाला लावायचे यंत्र मिळाले, ती साध्या शाळेत बसली आणि रात्री आईजवळच झोपत राहिली. हे चष्मेवालीने एकदा ताईंना सांगितले तेव्हा मी ऐकले. विभागाने पद्धत बदलली. आता आधी कानाच्या डॉक्टरांचा कागद लागतो आणि ताई समोर बसतात. 'दुसरीकडे पाहिले' म्हणून ज्यांच्या खूप खुणा होत्या अशा जुन्या मुलांना परत बोलवायला चष्मेवाली वणवण हिंडली. काही घरे सापडली. काही मुले वसतिगृहात मोठी होऊन तिथेच पाणी भरत होती, झाडलोट करत होती. काहींचा पत्ताच लागला नाही. माझा राग या शेवटच्यांसाठी आहे, आणि तो जाणार नाही.

तडा गेलेली काच धोक्याची, म्हणून मला काढले. त्या जागी आता भिंत आहे आणि छताला कॅमेरे. मी कोठीत एका मोडक्या कपाटामागे उभा आहे. माझ्यावर धूळ बसली आहे, त्याची तक्रार नाही. मी ऐकतो, की कॅमेरे फार बारीक मोजतात, माणसांची स्टुलेही लागत नाहीत. छतावरून त्यांना मुलांचे भांग छान दिसत असतील.

मित्रांनो, माणसाला मोजू नका असे मी म्हणत नाही. एका मुलीने नीट मोजले म्हणूनच दुसरी वाचली. मोजा, पण मोजण्याआधी त्याच्या समोर जाऊन बसा, त्याला तुमचे तोंड दिसू द्या. तो मान वळवत असेल तर त्याचे गाल धरू नका, तो कशासाठी वळतो आहे ते बघा. तुमच्या कागदावर त्यासाठी घर नसेल तर नवे घर आखा. आणि एवढे करूनही उत्तर आले नाही, तर आधी आपल्या प्रश्नाला नापास करा. पोराचा नंबर अगदी शेवटी.